‘क्लच गेला’ म्हणण्याआधी



बचत गटांची समन्वयक म्हणून माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. हप्ते, वह्या, बँकेचे कागद, मालाची विक्री. रेडिओवर तुमच्याशी बोलते तेही बहुतेक वेळा अशाच विषयांवर. आज मात्र बोलायचंय गाडीच्या क्लचबद्दल. आणि गाडी म्हणजे आपल्या गटांकडे असते तशी छोटी, जुनी, डिझेलवर चालणारी.

कुणी म्हणेल, हा विषय गॅरेजवाल्याचा, आपला काय संबंध? संबंध पैशाचा आहे. गाडी गटाच्या कर्जातून आलेली असते. ती दारात उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. दुसरं असं, की छोट्या डिझेल गाड्या आता नव्या फारशा मिळत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले, तेव्हा मारुतीसारख्या मोठ्या कंपनीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. म्हणजे आपल्या हाती येते ती एक-दोन मालकांनी वापरलेली गाडी. अशा गाडीच्या बाबतीत कधी ना कधी एक वाक्य कानावर पडतंच : “ताई, क्लच गेला.”

हे वाक्य म्हणजे “पोटात दुखतंय” म्हणण्यासारखं आहे. पोटात दुखतंय म्हटल्यावर चांगला डॉक्टर लगेच पोट फाडत नाही. कुठं दुखतं, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी, हे विचारतो. क्लचचंही तसंच आहे. विचारायचे प्रश्न पाच-सहाच आहेत, आणि ते विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही. वही-पेन जवळ असेल तर घ्या. नसेल तर नुसतं ऐका, शेवटी मी पुन्हा थोडक्यात सांगणार आहे.

आधी क्लच म्हणजे काय ते बघू. डिझेल इंजिनावर चालणारी जुनी पिठाची गिरणी आठवा. इंजिन एका बाजूला धडधडतंय, जातं दुसऱ्या बाजूला, मध्ये लांब पट्टा. गिरणीवाल्याला जातं थांबवायचं असलं की तो इंजिन बंद करत नाही. पट्टा मोकळ्या चाकावर सरकवतो. जातं थांबतं, इंजिन चालूच राहतं. पट्टा परत जागेवर आणला की जातं फिरायला लागतं. गाडीत क्लच हेच काम करतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडायचं आणि हवं तेव्हा सोडवायचं.

गाडीत पट्ट्याच्या जागी एक चकती असते, ती क्लच प्लेट. तिच्या दोन्ही अंगांना ब्रेकच्या लायनरसारखं खरखरीत लायनिंग असतं. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरानं क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. भाकरी थापताना ती दोन तळव्यांमध्ये धरतो, तशी ही चकती दोघांच्या मध्ये धरलेली असते. आपण पायानं पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढं सरकून स्प्रिंगला दाबते, पकड सुटते आणि चकती मोकळी होते. तेवढ्यात आपण गिअर टाकतो. पाय उचलला की पुन्हा पकड.

आता यातला महत्त्वाचा भाग. पायापासून चकतीपर्यंत क्लचचे दोन हिस्से आहेत. एक बाहेरचा. पेडल, आणि पेडलचा दाब पुढं नेणारी वायर, म्हणजे क्लच केबल. काही गाड्यांत केबलऐवजी तेलाची नळी असते. तिच्या वरच्या टोकाला मास्टर सिलेंडर आणि खालच्या टोकाला स्लेव्ह सिलेंडर. दुसरा हिस्सा आतला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. बाहेरच्या हिश्श्याचं काम बहुतेक गाड्यांत हात घालून होतं आणि स्वस्तात होतं. आतल्या हिश्श्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, तिथं दिवस जातो आणि पैसाही जातो. म्हणून कधीही आधी बाहेर बघायचं, मग आत.

हे का सांगते, ते एका गटाच्या अनुभवावरून सांगते. गटाचं नाव घेत नाही, ते त्यांनाही नको आहे. बारा जणींचा गट. मसाले, शेवया, पापड करतात आणि आठवड्याचे दोन बाजार धरतात. आधी माल एस.टी.नं न्यायचा. पावसाळ्यात पापडाच्या गोण्या भिजायच्या, बाजारात पोचेपर्यंत चांगली जागा गेलेली असायची. शेवटी कर्ज घेऊन जुनी डिझेल गाडी घेतली. गटातल्याच एका ताईनं गाडी शिकून लायसन काढलं. बाकी कुणाला गाडी येत नव्हती.

श्रावणात एके दिवशी रिव्हर्स गिअर टाकताना कर्रर्र आवाज यायला लागला. पहिला गिअरही अडून बसायला लागला. ताईनं गाडी जवळच्या गॅरेजला नेली. तिथल्या माणसानं बसून दोनदा गिअर टाकून पाहिला आणि सांगितलं, “प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. सेट आणि मजुरी धरून साडेनऊ हजार.”

त्या संध्याकाळी मासिक बैठक होती. वह्या तपासायला मी तिथं होते. साडेनऊ हजारांचा आकडा निघाला आणि बैठकीत शांतता पसरली. दाराशी उभा असलेला एकीचा नवरा म्हणाला, “बाईच्या हातात गाडी दिली की दुसरं काय होणार? हाफ क्लचवर चालवत असणार.” तो बोलला ते बोलला, पण मग आपल्याच दोघी-तिघींनीही तसंच म्हटलं. ताई काही बोलली नाही. तिनं पदराच्या गाठीतली किल्ली काढली, सतरंजीवर ठेवली आणि म्हणाली, “मग दुसरं कुणीतरी चालवा.”

दुसरं कुणी चालवणारं नव्हतंच. म्हणजे प्रश्न साडेनऊ हजारांपुरता नव्हता. ती बाई उठून गेली असती तर गाडी उभी, दोन बाजार बंद आणि गौरी-गणपतीची ऑर्डर हातची गेली असती. शिवाय गावातल्या दुसऱ्या मुलीनं गाडी शिकायचं धाडस केलं असतं का, तेही तुम्हीच सांगा.

माझे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. “आधी विचार, मग पाना” हे त्यांचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी तिथूनच त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांनी गाडी बघितली नव्हती, पण एकेक प्रश्न विचारत गेले. तेच प्रश्न आज मी तुम्हाला देते.

पहिला प्रश्न : पेडल खालपर्यंत जातं का? ऐकायला साधा आहे, पण इथंच पुष्कळ वेळा उत्तर सापडतं. पायाखालची चटई सरकून पेडलखाली गेली असेल तर पेडल पूर्ण दाबलं जात नाही. सीट मागं असेल आणि चालवणारीची उंची कमी असेल तरी तेच होतं. आपल्यापैकी अनेकींना हे लागू आहे. आधीच्या उंच माणसानं सीट मागं लावलेली असते आणि आपण तशाच बसतो. पेडल अर्धवट दाबलं की पकड पूर्ण सुटत नाही आणि गिअर कर्रर्र करतो. दोष क्लचचा नसतो, बसण्याचा असतो. सीट इतकी पुढं घ्या की पेडल तळाला टेकल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. मागं उशी लागत असेल तर लाजू नका, लावा. आणि सुटणारी सपाता घालून गाडी चालवू नका.

दुसरा प्रश्न : इंजिन बंद असताना गिअर पडतात का? गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर क्लचवर आळ घेऊ नका. दोष गिअरच्या दांड्यात, त्याच्या केबलमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये असू शकतो. आणि बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात, पण इंजिन सुरू केल्यावर अडतात, असं असेल तर क्लच पकड सोडत नाहीये. या एका चाचणीनं अर्धा निकाल लागतो.

तिसरा प्रश्न : इंजिन चालू ठेवून, पेडल पूर्ण दाबून, मनात पाच अंक मोजून रिव्हर्स टाकला तर काय होतं? बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या गिअरना दात जुळवून घेणारी सोय असते, रिव्हर्सला बहुधा नसते. म्हणून क्लच नीट सुटत नसला की पहिली ओरड रिव्हर्स करतो. आता त्याला जोडून एक गोष्ट करा. पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबा, शेवटी दाबून धरा आणि मग गिअर टाका. हापशाला पाणी येत नसलं की आपण दांडा भराभर हाणतो ना, तसं. असं केल्यावर गिअर गुपचूप पडला तर समजा, तेलाच्या नळीत हवा शिरली आहे किंवा तेल गळतंय. ही बाहेरच्या हिश्श्याची खूण आहे. प्लेट गेलेली असेल तर पेडल कितीही हाणलं तरी ती बरी होत नाही.

चौथा प्रश्न : तेल किती आहे आणि कुठं ओलं आहे? तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये ब्रेक ऑईलच असतं. बॉनेटखाली छोटी पारदर्शक डबी असते, तिच्यावर वरची आणि खालची खूण असते. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच दोघांना मिळून एकच डबी असते. म्हणून या डबीतलं तेल उतरलेलं दिसलं तर क्लचचं काम म्हणून पुढं ढकलू नका, ब्रेकही तपासून घ्या. चांगलं तेल फिकट पिवळसर असतं. काळं पडलं असेल तर बदलायला झालंय. मग पेडलच्या वरच्या बाजूला, जिथून दांडी आत जाते तिथं, बोट फिरवून बघा. ओलं लागलं तर वरचा सिलेंडर गळतोय. गिअरबॉक्सच्या बाजूला ओघळ असेल तर खालचा. तेल अंगाला लागलं तर साबणानं धुवा, डोळ्याजवळ नेऊ नका. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाणी ओता.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. या डबीत इंजिन ऑईल, गोडं तेल, काहीही ओतायचं नाही. आतले रबर फुगतात आणि क्लचबरोबर ब्रेकही निकामी होतात. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय, डॉट-३ किंवा डॉट-४, तेच तेल, आणि तेही बंद बाटलीतलं. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू नये.

तुमच्या गाडीत केबल असेल तर तेल बघायचं नाही, केबल बघायची. तिचे तार सुटलेत का, टोकाला गंजली आहे का, पेडल जड झालंय का. केबलच्या गाडीत पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असते. ती किती असावी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. चाल फार वाढली तर क्लच नीट सुटत नाही. चाल अजिबात उरली नाही तर क्लच नीट धरत नाही. प्लेट झिजत जाते तसतशी ही चाल आपोआप कमी होते. ती वेळेवर जुळवली नाही तर प्लेटमध्ये अजून जीव असूनही ती घसरायला लागते.

फोनवर इथपर्यंत आलो तेव्हा रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोकळ्या पटांगणात गाडी नेली. पोरं भरायच्या आत. सगळ्या बारा जणी आल्या. तो नवराही आला. किल्ली ताईच्याच हातात दिली. सीट बरोबर होती. इंजिन बंद, सगळे गिअर पडले. इंजिन चालू, रिव्हर्स कर्रर्र. पेडल तीनदा हाणलं आणि रिव्हर्स गुपचूप पडला. दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच. बॉनेट उघडलं. डबीतलं तेल खालच्या खुणेच्याही खाली. ताईनं वाकून टॉर्च मारला, तर गिअरबॉक्सच्या अंगाला, खालच्या सिलेंडरच्या तोंडाशी ओलसर काळी माती चिकटलेली.

गाडी तालुक्याच्या दुसऱ्या मेकॅनिककडे हळूहळू नेली. ताईनं त्याला “क्लच गेलाय” असं सांगितलं नाही. “खालचा सिलेंडर गळतोय असं वाटतं, पेडल हाणलं की गिअर पडतो” असं सांगितलं. त्यानं बघितलं आणि मान हलवली. सिलेंडर बदलला, जुनं तेल काढून नवं भरलं, नळीतली हवा काढली. बिल झालं चौदाशे साठ रुपये. दुपारच्या आत गाडी परत.

पहिल्या मेकॅनिकला मी लबाड म्हणणार नाही. जुनी गाडी, गिअर अडतोय, म्हणजे प्लेट, असा त्याचा ठोकताळा असेल. पण ठोकताळ्याचे पैसे आपण का द्यायचे? आणि एखाद्या बाईनं त्या ठोकताळ्याचा ठपका का घ्यायचा?

आता दुसरी बाजू. दरवेळी स्वस्तातच सुटका होईल असं नाही. म्हणून पाचवा प्रश्न, पहिल्या चारांच्या उलटा : इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही, असं होतं का? गिरणीचा पट्टा सैल झाला की काय होतं? इंजिन पळतं, जातं मंदावतं आणि रबर जळल्याचा वास येतो. क्लच प्लेट झिजली की अगदी तेच होतं. चढावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, माल भरलेला असताना आधी कळतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, पण काटा तिथंच. तव्यावर फडकं जळावं तसा वास येतो. पेडल वर आल्यावर अगदी शेवटी पकड लागते. हा क्लच पकड सोडतोय, पण धरत नाहीये. याला घसरणं म्हणतात.

हे तपासायचं असेल तर मोकळा, थोडा चढाचा रस्ता बघा. मागंपुढं गाडी नको. चौथ्या गिअरमध्ये साधारण चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि गाडी त्या मानानं उचलली नाही, तर क्लच घसरतोय. पटांगणात उभ्यानंही करता येतं. हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही धरून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडायचा. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. बंद न पडता फिरतच राहिलं तर प्लेट धरत नाहीये. हे मात्र एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा केलं तर आहे ती प्लेटही जळेल. आणि गाडीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही.

डिझेल गाडीत इथं एक गल्लत होते. गाडी चढत नाही म्हटलं की लोक क्लचलाच धरतात. नीट ऐका. इंजिन ओरडतंय आणि गाडी चढत नाही, तर क्लच. पण इंजिनच ओरडत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही मंद राहतं, तर क्लचचा संबंध नाही. डिझेल फिल्टर तुंबला असेल, त्यात पाणी साचलं असेल, एअर फिल्टर मातीनं भरला असेल किंवा टर्बोचा पाइप फाटला असेल. तिथं क्लच बदलून काहीही होणार नाही.

डिझेलचा क्लच लवकर थकतो असं का म्हणतात, तेही सांगते. उदाहरणच घ्यायचं तर मारुतीच्या स्विफ्टमधल्या १२४८ सीसीच्या डिझेल इंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, १९० न्यूटन मीटर होता. त्याच गाडीच्या १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा साधारण ११५. आकडे विसरलात तरी चालेल. एवढं लक्षात ठेवा, की छोट्या डिझेल गाडीचा क्लच छोट्या गाडीत राहून मोठा जोर पेलतो. शिवाय टर्बोच्या डिझेलमध्ये हा जोर इंजिनानं थोडा वेग घेतल्यावर येतो. अगदी हळू असताना गाडी मेल्यासारखी वाटते. मग चालवणारा चढावर अर्धा क्लच दाबून इंजिन पळवत राहतो. तेवढ्यात प्लेट भाजून निघते.

सहावा आणि शेवटचा प्रश्न : आवाज कधी येतो? गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबलं की घरघर सुरू होते आणि सोडलं की थांबते, तर बहुधा रिलीज बेअरिंग. उलट, पाय काढलेला असताना घरघर आणि पेडल दाबलं की शांत, तर बहुधा गिअरबॉक्सची पुढची बेअरिंग. गाडी उचलताना थरथर होत असेल तर प्लेटवर तेल आलंय का, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग खराब झालाय का, किंवा इंजिनाचं माउंटिंग तुटलंय का, हे मेकॅनिकला बघायला सांगा. माउंटिंग बाहेरचं काम आहे, ते आधी बघायला लावा.

त्या गटाची पुढची गोष्ट सांगून टाकते. वर्षभरानं, ऐन उन्हाळ्यात, माल भरून घाट चढताना गाडी ओरडायला लागली, पण चढेना. वास आला. ताईनं गाडी कडेला घेतली, थंड होऊ दिली, अर्धा माल दुसऱ्या टेम्पोत दिला आणि हळूहळू परत आली. बैठकीत तिनंच सांगितलं, “या वेळी प्लेटच आहे. इंजिन ओरडतंय, गाडी ओढत नाही, तेल बरोबर आहे, गळती नाही.” कुणी काही बोललं नाही. ठराव झाला, गटाच्या खात्यातून पैसे काढले. जुनी प्लेट तिनं मागून घेतली आणि बैठकीत सतरंजीवर ठेवली. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलेलं. प्रत्येकीनं बोट फिरवून पाहिलं. त्या वेळी खर्च मोठा झाला, पण भांडण झालं नाही, कारण पैसे कशाला गेले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर काय विचारायचं, तेही लिहून घ्या. एक, तुमच्या गाडीत खालचा सिलेंडर बाहेर आहे की गिअरबॉक्सच्या आत? काही गाड्यांत तो आत असतो, मग तो बदलायलाही गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे आधी कळलेलं बरं. दोन, उतरवल्यावर प्लेटवर तेल आहे का ते दाखवा. तेल असेल तर ते कुठल्या सीलमधून आलं ते शोधून सील आधी बदलायचं, नाहीतर नवी प्लेटही भिजेल. तीन, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग शक्यतो एकदम बदला. उतरवायची मजुरी तीच असते, दोनदा का द्यायची? चार, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्या. पाच, सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेला अंदाज आधी घ्या, बिल घ्या आणि जुने भाग परत मागा. जुने भाग मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. दुकानातून तांदूळ घेताना आपण मूठभर हातावर घेऊन बघतोच की.

आता चालवणाऱ्यांसाठी. बाई असो की बाप्या, नियम सारखेच. गाडी चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही, शेजारी जमिनीवर ठेवायचा. चढावर थांबलात तर क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची नाही. ठरल्यापेक्षा जास्त माल भरायचा नाही. आणि क्लच घसरायला लागला असेल किंवा पेडल खालीच पडून राहत असेल, तर माणसं बसवून घाटात जायचं नाही, कितीही निकड असली तरी.

गाडी असलेल्या प्रत्येक गटानं एक छोटी वही गाडीतच ठेवा. तारीख, किलोमीटर, काय ऐकू आलं, काय केलं, किती खर्च. कर्जाच्या वहीइतकीच ती वही कामाची आहे.

शेवटी कबूल केल्याप्रमाणे थोडक्यात. एक, सीट, चटई आणि पेडलची चाल. दोन, इंजिन बंद ठेवून गिअर. तीन, इंजिन चालू ठेवून रिव्हर्स, आणि पेडल हाणून पुन्हा रिव्हर्स. चार, तेलाची डबी आणि ओलावा, किंवा केबल. पाच, इंजिन ओरडतं आणि गाडी जात नाही का. सहा, आवाज पेडल दाबल्यावर की सोडल्यावर. पहिल्या चारांत बहुतेक वेळा दोष बाहेर सापडतो. पाचव्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि तुमच्या गाडीत केबल असेल, तर तिची चाल आधी जुळवून बघा. त्यानंही फरक पडला नाही तर खर्चाची तयारी ठेवा, पण डोळे उघडे ठेवून.

येत्या बैठकीत हे सहा प्रश्न मोठ्यानं वाचा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आणि ज्या घेणार आहेत त्यांनीही. जुनी गाडी विकत घेताना हेच सहा प्रश्न मालकासमोर करून बघितले, तर किमतीची बोलणी तुमच्या बाजूनं होतात, हे वेगळं सांगायला नको.